हत्तीला पाणी किती लागतं?

माझी भाची पुण्यात नर्सिंगला आहे. गेल्या उन्हाळ्यात ती आठ दिवस पिंपळीला आली आणि जाताना एक पुस्तक विसरून गेली. फुटपाथवरून घेतलेलं, मलपृष्ठावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग. सारा ग्रुएन नावाच्या लेखिकेची 'वॉटर फॉर एलिफंट्स'. कादंबरी २००६ ची, २०११ साली तिच्यावर चित्रपटही आला. मी इंग्रजी कादंबऱ्यांच्या वाटेला फारसा जात नाही. पण त्या आठवड्यात लाइट सारखी जात होती, टीव्ही बंद, आणि मुखपृष्ठावर सर्कस होती. मोबाइलवर शब्दकोश उघडून बसलो. पंधरा दिवस लागले. वाचून झाल्यावर भाचीला फोन करून पुस्तक आवडलं म्हणालो. ती म्हणाली, "मामू, मी अजून वाचलंच नाही. आमच्या मॅडमनी सांगितलं होतं, म्हाताऱ्या पेशंटशी कसं वागायचं ते यात आहे म्हणून."

तिच्या मॅडमचं म्हणणं खरं आहे. पुस्तक सर्कशीचं म्हणून विकलं गेलं, चित्रपटात तर सर्कसच सर्कस आहे. पण ते मुळात एका म्हाताऱ्याचं पुस्तक आहे. जेकब जँकोव्स्की त्याचं नाव. आपण नव्वदीचे की त्र्याण्णवचे हे त्याला स्वतःलाही धड आठवत नाही. बायको गेलेली, मुलंबाळं आहेत पण तीही आता म्हातारी व्हायला लागलेली, आणि हा एका नर्सिंग होममध्ये. तिथं त्याला दळलेलं, शिजवून लगदा केलेलं जेवण मिळतं. त्याला चावून खायचं खरं अन्न हवं असतं. समोरच्या मैदानात सर्कशीचा तंबू लागतो आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात १९३१ साल जागं होतं. अमेरिकेतली मंदी. जनावरांचा डॉक्टर व्हायला निघालेला हा पोरगा, आई-बाप अपघातात गेल्यावर परीक्षा टाकून निघतो, रात्रीच्या अंधारात एका धावत्या गाडीत चढतो, आणि ती गाडी नेमकी सर्कशीची निघते. पुढे मार्लीना नावाची घोड्यांवर कसरती करणारी बाई, तिचा गोड बोलणारा आणि क्षणात राक्षस होणारा नवरा ऑगस्ट, आणि रोझी नावाची हत्तीण. रोझी कुणाचंच ऐकत नाही. सगळे तिला मठ्ठ ठरवतात, ऑगस्ट तिला अंकुशानं रक्तबंबाळ करतो. शेवटी कळतं की ती मठ्ठ नाही, तिला फक्त पोलिश भाषा समजते. जेकब पोलिश आईबापांचा पोरगा. तो तिच्याशी तिच्या भाषेत बोलतो आणि हत्तीण मांजरासारखी ऐकायला लागते.

हे सगळं रंगतदार आहे. पण मला खिळवून ठेवलं ते सुरुवातीलाच येणाऱ्या एका भांडणानं. नर्सिंग होमच्या जेवणाच्या टेबलावर एक नवा म्हातारा येतो. तो ऐटीत सांगतो की आपण तरुणपणी सर्कशीत हत्तींना पाणी भरायचो. बाकीच्या म्हाताऱ्या त्याच्याकडे कौतुकानं बघायला लागतात. जेकबच्या अंगाचा तिळपापड होतो. तो सरळ म्हणतो, तू खोटं बोलतोस. हत्ती किती पाणी पितो याची तुला कल्पना तरी आहे का? बाचाबाची होते, भांड्यांची आदळआपट होते, आणि 'आक्रमक' म्हणून जेकबलाच खोलीत नेऊन औषध देतात. हत्ती दिवसाला शंभर-दीडशे लिटर पाणी सहज रिचवतो, तेव्हा बादल्यांनी पाणी 'भरणं' ही गोष्ट ज्यानं केली त्यालाच तिचं वजन माहीत. जेकबचं खरं आहे. लेखिका त्याच्या बाजूनं आहे. वाचकानंही त्याच्याच बाजूनं असावं अशी सगळी व्यवस्था आहे.

मी मात्र त्या दुसऱ्या म्हाताऱ्याकडेच बघत राहिलो. त्याला मी ओळखत होतो. तो माझा दादा होता.

आमचं घर नालबंदांचं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या भागातल्या मुसलमानांत मुलाणी, आतार, तांबोळी, शिकलगार, बागवान ही जशी धंद्यावरून पडलेली नावं, तसंच हे. जनावरांच्या खुरांना लोखंड ठोकणारे. पिंपळी बारामती-इंदापूर रस्त्यावरचं गाव. नीरा डाव्या कालव्यानं सगळा शिवार उसाचा केला आणि उसानं दादांना पोसलं. दिवाळीनंतर भवानीनगरच्या कारखान्याचं धुराडं पेटलं की बैलगाड्यांची रांग लागायची, आणि डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या बैलाला पत्र्या मारल्याशिवाय गत्यंतर नाही. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून घोड्यासारखा एक नाल नाही, एका पायाला दोन पत्र्या. दोरीनं बैल आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचं आणि खिळा असा ठोकायचा की मांसाला लागता कामा नये आणि सुटताही कामा नये. दादा हे काम करताना बैलाशी मराठीत बोलायचे, मालकाशी मराठीत आणि आमच्याशी दखनीत. पुढं ट्रॅक्टर आले. दादांचे गुडघे गेले आणि धंदाही गेला, दोन्ही साधारण एकाच सुमारास.

मग ते ओट्यावर बसून गोष्टी सांगायला लागले. सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी जाऊन पोचायच्या. तरुणपणी ते सर्कशीत होते. घोड्यांना नाल ठोकायचे. पांढऱ्या घोड्यांची एक जोडी होती, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. सर्कस दौंडहून बारामतीला छोट्या गाडीनं यायची, हत्ती मात्र रस्त्यानं चालत यायचे, आणि वाटेत विहिरीवर थांबून दादा त्यांना पाणी पाजायचे. किती हत्ती? कधी चार, कधी सात. सर्कशीचं नाव काय? दरवेळी वेगळं. आम्ही चुलतभावंडं त्याला 'दादाची सर्कस' म्हणायचो. कुणी थाप मारली की, "झाली का दादाची सर्कस सुरू?" हा घरातला वाक्प्रचारच झाला होता.

मी बारावीला होतो. बारामतीत कॉलेजला जायचो, लायब्ररीचं कार्ड होतं आणि त्या वयात असते तेवढी अक्कल होती. एका संध्याकाळी घरात पाहुणे होते, आपाच्या लग्नाचं बोलणं चाललेलं. दादांनी पाहुण्यांना सांगितलं की ते छत्र्यांच्या सर्कशीत होते. मी नुकतंच कुठंतरी वाचलं होतं. सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, विष्णुपंत छत्रे तुम्ही जन्मायच्या कितीतरी आधी वारले. तुम्ही त्यांच्या सर्कशीत कसे?" पाहुणे हसले. अब्बा हसले. दादाही हसले, थोडं उशिरा. त्यानंतर ते आणखी सात-आठ वर्षं जगले. सर्कशीची गोष्ट मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही.

कादंबरीतल्या त्या टेबलावर मी जेकब होतो. फरक एवढाच की जेकबनं निदान सर्कस पाहिली होती.

ज्या छत्र्यांचं नाव घेऊन मी दादांना गप्प केलं, त्यांच्याबद्दल त्या वेळी मला त्यांच्या मृत्यूपलीकडे काही ठाऊक नव्हतं. नंतर थोडं वाचलं. विष्णुपंत छत्रे मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे. कुरुंदवाडच्या संस्थानात घोड्यांचं काम बघायचे. मुंबईत चियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली, ती बघून यांनी ठरवलं की हे आपल्यालाही जमेल, आणि १८८० साली स्वतःची सर्कस उभी केली. हिंदुस्थानी माणसानं उभी केलेली ती पहिली सर्कस. पुढे सांगलीच्या आसपास जणू सर्कशींचं पीकच आलं. म्हैसाळचे देवल, तासगावचे माळी, सांगलीचे कार्लेकर. कृष्णाकाठच्या गावांतली पोरं वाघ-सिंहांबरोबर जग फिरून आली. पुण्याचे दामू धोत्रे तर अमेरिकेतल्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोचले. जेकबच्या कादंबरीत ज्या रिंगलिंगचं नाव सगळे मत्सरानं घेतात, तीच ही. त्यांचं 'वाघ सिंह माझे सखे सोबती' मराठीत आहे, मिळालं तर वाचा.

पण छत्र्यांची मला आवडणारी गोष्ट घोड्यांची नाही, गाण्याची आहे. विष्णुपंत तरुणपणी ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकले होते. खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ, गळा असा की लोकांनी त्यांना 'भूगंधर्व' म्हटलं. वडील गेले, भाऊ गेला, आणि या माणसाचा तोल गेला. अफूचं व्यसन लागलं, मन ताळ्यावर राहिना, दुरवस्थेत भटकण्याची पाळी आली. विष्णुपंतांनी त्यांना शोधून सोबत घेतलं आणि सर्कशीबरोबर ठेवलं. वाघ, घोडे, कसरतपटू आणि त्यांच्यात हा ख्याल गाणारा, आपल्याच तंद्रीत असलेला मुसलमान उस्ताद. तंबू जिथं जाईल तिथं तो जाई. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे भाऊ काशीनाथपंत यांनी त्यांना सांभाळलं. १९२२ साली कुरुंदवाडला रहिमत खाँ वारले. म्हातारपणच्या त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. यूट्यूबवर ऐका. खरखर खूप आहे, पण तीतून आवाज असा वर येतो की हा माणूस कुणाच्या आधारानं जगला असेल यावर विश्वास बसत नाही.

कुणी म्हणेल की त्यात मोठेपणा काय, त्यांच्या मैफली होत होत्या. बरोबर आहे. गुरुपुत्र होता, वर गळा होता. पण अफू लागलेल्या, वेळ-काळ न समजणाऱ्या माणसाबरोबर चार दिवस काढून बघा. त्याला खायला कोण घालतं, कपडे कोण बदलतं, मध्यरात्री तो उठून चालायला लागला तर त्याच्यामागे कोण जातं? पुस्तकात 'सांभाळ केला' अशा दोन शब्दांत जे येतं, त्यामागे वर्षांची वर्षं असतात. आणि ती काढली कुणी? धंद्यानं सर्कसवाल्या असलेल्या एका ब्राह्मण कुटुंबानं, आपल्या उस्तादाच्या मुलासाठी. आजच्या दिवसांत ही गोष्ट सांगायला मला आवडतं, पण तिचं पोस्टर करू नये असंही वाटतं. ते एकोप्याचं उदाहरण घालून द्यायला निघाले नव्हते. शागीर्द होते, शागिर्दाचं काम केलं.

कादंबरीतल्या सर्कशीत मात्र असा कुणी छत्रे नाही. तिथं कॅमल नावाचा एक म्हातारा मजूर आहे. जेकब पहिल्या रात्री गाडीत चढला तेव्हा त्याला ठेवून घेणारा, काम लावून देणारा हाच. तो 'जेक' पितो. दारूबंदीच्या काळात औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या आल्याच्या अर्कात भेसळ झाली आणि हजारो गरीब माणसांचे पाय लुळे पडले, ही खरी घडलेली घटना आहे. आपल्याकडच्या हातभट्ट्यांनी किती घरं बसवली हे आपण जाणतोच. कॅमलचेही पाय जातात. आता या सर्कशीचा कायदा असा की निरुपयोगी माणसाला रात्री चालत्या गाडीतून ढकलून द्यायचं. पगार वाचतो. म्हणून जेकब आणि त्याचा खोलीतला सोबती, एक बुटका विदूषक, कॅमलला ट्रंकांमागे लपवतात. त्याचं हगणं-मुतणं काढतात, दाढी करतात, खाऊ घालतात. विदूषकाला आधी या म्हाताऱ्याची किळस येते. हळूहळू तो तिच्या पलीकडे जातो. एक दिवस कॅमलच्या मुलाला पत्र पाठवलं जातं, आणि बऱ्याच खळखळीनंतर तो बापाला न्यायला तयार होतो. ठरल्या गावापर्यंत गाडी पोचायच्या आधीच मालकाची माणसं रात्री येतात. म्हाताऱ्याला फेकतात, आणि विदूषकालाही.

माझ्यासाठी कादंबरीचा गाभा तो. हत्तीण नव्हे. हत्तिणीवर प्रेम करणं सोपं आहे. ती मोठी आहे, मुकी आहे, तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि तिच्याकडून आपल्याला उलट उत्तर मिळत नाही. रोझीला मार बसतो त्या पानावर रडलेले वाचक कितीतरी असतील. कॅमलच्या ट्रंकांमागच्या दिवसांवर किती रडले असतील, शंका आहे. तो घाण वास मारतो, कुरकुरतो, दारू मागतो.

आपल्याकडेही सर्कशीचं बोलणं निघालं की जनावरांचंच निघतं. १९९८ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांचे खेळ बंद केले. सर्कसवाले कोर्टात गेले, २००१ साली सुप्रीम कोर्टानंही बंदी योग्य ठरवली. २०११ साली सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली. दोन्ही निर्णय बरोबर होते, याबद्दल माझ्या मनात काडीचा संशय नाही. पिंजऱ्यातल्या वाघाचा वास ज्यानं जवळून घेतलाय त्याला तो असूही नये. पण सुटलेल्या सिंहांसाठी आसरा देणारी केंद्रं निघाली, आणि पन्नाशीतल्या रिंगमास्तरचं पुढं काय, याचा विचार त्या कागदांवर कुठं नव्हता. आमच्याकडे उन्हाळ्यात अस्वल घेऊन येणारे दरवेशी आठवतात का? भटक्या जमातींच्या सरकारी यादीत त्यांचं नाव आहे, त्यात वाघवाले शहा मुसलमान आणि अस्वलवाले अशी पोटनावं आहेत. आता या नावांत वाघही नाही आणि अस्वलही नाही. नाव तेवढं जातीच्या दाखल्यावर उरलं. अस्वलाच्या नाकातली वेसण काढलीच पाहिजे होती. ती ज्याच्या हातात होती त्या हाताला दुसरं काही दिलं का, हे विचारलं की लोकांना वाटतं आपण वेसणीची बाजू घेतोय.

आता थोडं आमच्या लोकांबद्दल. ही कादंबरी एका मित्राला सांगितली तर तो लगेच म्हणाला, "बघ, हे पाश्चात्त्य. बापाला नर्सिंग होमात टाकतात. आमच्यात वृद्धाश्रम नसतात." हे वाक्य मी मशिदीच्या बयानात ऐकलंय, लग्नाच्या मांडवात ऐकलंय, आणि हिंदू मित्रांच्या तोंडूनही 'आपल्या संस्कृतीत' एवढाच फरक करून ऐकलंय. आई-बापाला उफ म्हणू नये हे आम्ही मकतबात वाचायला शिकण्याआधी शिकतो. पण नर्सिंग होम म्हणजे काय असतं? म्हाताऱ्याचं जेवण त्याला न विचारता ठरतं. झोप ठरते. त्याच्याशी बोलताना लोक मोठ्यानं आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. तो रागावला तर त्याला राग आला असं कुणी म्हणत नाही, 'त्रास द्यायला लागलेत' असं म्हणतात. हे करायला वेगळी इमारत लागत नाही. आमच्या घरात ते दाराजवळच्या एका खाटेवर झालं.

बकरी ईदला दादा नळी मागायचे. दात नव्हते, पण नळी चोखायला दात लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांना रश्शात भाकरी कुस्करून द्यायचो. ठसका लागेल, पोट बिघडेल, रात्री कोण उठेल. सगळी कारणं खरी होती आणि काळजीपोटीच होती. कादंबरीत रोझमेरी नावाची एक नर्स जेकबचं गाऱ्हाणं ऐकते आणि गुपचूप त्याला ताज्या फळांची बशी आणून देते. त्या पानावर मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसलो. दादांना एक नळी दिली असती तर काय झालं असतं? ठसका लागला असता.

सरकारनं २००७ साली कायदा केलाय. सांभाळत नसलेल्या मुलांविरुद्ध म्हातारे आई-बाप प्रांताकडे अर्ज करू शकतात, महिन्याचा निर्वाहखर्च बांधून मिळतो. चांगला कायदा आहे, ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर वापरावा. पण दादांना कायद्यानं काय मिळालं असतं? दोन वेळचं जेवण होतं, औषध होतं, अंगावर धुतलेला सदरा होता. अर्जात काय लिहिणार, की माझी गोष्ट कुणी ऐकत नाही म्हणून?

कादंबरीच्या शेवटाबद्दल माझी तक्रार आहे. सर्कशीच्या दिवशी जेकबला न्यायला यायची पाळी ज्या मुलाची, तो विसरतो. म्हातारा वॉकर ढकलत एकटाच तंबूपर्यंत जातो. तिथला मॅनेजर त्याला आत घेतो, त्याची गोष्ट ऐकतो, ऑगस्टला प्रत्यक्षात कुणी मारलं हे सत्तर वर्षं जपलेलं गुपितही ऐकतो, आणि शेवटी त्याला सर्कशीतच ठेवून घेतो. वाचताना बरं वाटतं. डोळे पाणावतात. पण मॅनेजर का ऐकतो? जेकब त्या बुडालेल्या सर्कशीचा प्रत्यक्ष साक्षीदार निघतो म्हणून. ती सर्कस, तो गोंधळ, ती चेंगराचेंगरी यांची धंद्यात दंतकथा झालेली आहे. म्हणजे म्हाताऱ्याला मान मिळाला तो त्याचा भूतकाळ भारी होता म्हणून, आणि खरा होता म्हणून. ज्यानं आयुष्यभर कारकुनी केली, पत्र्या ठोकल्या, त्यानं काय करायचं? कुठल्या तंबूपाशी जायचं? त्या टेबलावरच्या दुसऱ्या म्हाताऱ्याला हे बरोबर कळलं होतं. आपल्या साध्या आयुष्याला इथं कुणी खुर्ची देणार नाही, हत्ती आणला तर देतील. त्यानं हत्ती आणला. दादांनी पांढरे घोडे आणले, आणि ते पुरेनात तेव्हा छत्रे आणले. लेखिकेनं त्या माणसाला थोडी आणखी पानं द्यायला हवी होती. तिनं त्याला खोटारडा ठरवून सोडून दिलं, आणि ते मला पटलं नाही.

रोझीच्या पोलिश भाषेचंही तसंच. जेकब हत्तिणीची भाषा बोलतो हा पुस्तकातला सर्वांत सुंदर भाग. पण नव्वदीच्या जेकबची भाषा बोलणारं कुणी उरलेलं नाही, त्याच्या १९३१ मध्ये जगलेलं कुणीच नाही, आणि हे लेखिकेनं स्पष्ट म्हटलं नसलं तरी पानापानांत आहे. शेवटी शेवटी दादा मराठी विसरत चालले होते. गावातलं कुणी भेटायला आलं तर उत्तर दखनीत द्यायचे, तेही त्यांच्या आईच्या दखनीत, ज्यातले काही शब्द अब्बांनाही लागायचे नाहीत. आम्ही म्हणायचो, दादा बरळायला लागले.

पुस्तक संपल्यावर मी फुफीकडे गेलो. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे, लासुर्ण्याला असते, कान तल्लख आहेत. विचारलं, दादा खरंच सर्कशीत होते का? ती बराच वेळ गवारी निवडत राहिली. मग म्हणाली, ती दहा-अकराची असताना दादा दोन-अडीच वर्षं घरी नव्हते. दादीनं लोकांच्या शेतात खुरपणी करून पोरं जगवली. मनीऑर्डर यायच्या. एकदा मिरजेहून, एकदा हुबळीहून, एकदा कुठून तरी लांबून, पोस्टमनलाही ते नाव वाचता येईना. घरात यावर बोलायचं नाही असं ठरल्यासारखं होतं. परत आले तेव्हा केस वाढलेले आणि सोबत एक पत्र्याची पेटी.

"मग सर्कशीतच होते?"

"मनीऑर्डर पे धंदा लिखते क्या रे?" फुफी म्हणाली.

म्हणजे सर्कस असेल. मिरज-हुबळी हा सर्कशींचा रस्ता होता खरा. कर्ज असेल, भांडण असेल, दुसरं घर असेल, एखादा गुन्हाही असेल. दादांनी त्या अडीच वर्षांवर तंबू टाकला असेल तर तो टाकायचा त्यांना हक्क होता असं मला आता वाटतं. दादीला काय वाटायचं, हे मात्र मी फुफीला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ओट्यावर गोष्ट चालू असताना दादी आत चुलीपुढं असायची आणि एकदाही बाहेर येऊन ऐकायची नाही, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

अब्बा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. ओट्यावरची दादांची जागा त्यांची झालीय. ऐकू कमी येतं, त्यामुळं बोलतात जास्त. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्याला ते सांगत होते की, पणदादा सर्कशीत होते, पांढरे घोडे होते, हत्ती दौंडहून चालत यायचे. मी मोबाइलमध्ये डोकं घालून ऐकत होतो. मग म्हणाले, एकदा पणदादांनी त्यांना खांद्यावर बसवून विहिरीवर नेलं आणि त्यांनी स्वतः हत्तीला पाणी पाजलं. सहा वर्षांचे होते.

हा भाग दादांच्या गोष्टीत कधीच नव्हता. पोरगा माझ्याकडे बघायला लागला, खरं का म्हणून. मी मोबाइल बाजूला ठेवला आणि अब्बांच्या शेजारी जाऊन बसलो, ज्या कानानं ऐकू येतं त्या बाजूला.

"कित्ते बालट्या लगे, अब्बा?" मी विचारलं.

अब्बांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं.

"गिन्या कोन रे?" ते म्हणाले, आणि विहीर किती खोल होती ते सांगायला लागले.